जांभळ्या पट्टीची बाटली

दि. ४ जून

ती. मामास,

साष्टांग नमस्कार. विनंती काही नाही. विशेष म्हणजे माझं डोकं फिरलंय.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, कारण प्रयोगशाळेत माझ्या टेबलापासून चार हातांवर आमच्या प्रमुख मॅडमची खोली आहे. म्हणून पत्र. मागच्या वेळी तू विचारलंस की मी दिवसभर नेमकं करते काय, आणि मी पेशी म्हटल्याबरोबर बरं बरं करून विषय बदललास. आज सुटका नाही. शेवटपर्यंत वाच.

आपल्या अंगात पहारेकरी पेशी असतात. बाहेरचं काही आत शिरलं, जंतू म्हण, परकं प्रथिन म्हण, की ही पेशी ते गिळते. मग पोटातल्या एका पिशवीत, आंबट रसात, त्याचे बारीक बारीक तुकडे करते. त्यातला एखादा तुकडा चिमट्यात धरते आणि तो चिमटा आपल्या अंगावर बाहेरच्या बाजूने लावून उभी राहते. टी पेशी नावाच्या शिपायासारख्या पेशी येऊन तो चाचपून बघतात. हरेक टी पेशीला आपला ठरलेला तुकडाच कळतो. तो सापडला की ती बोंब मारते आणि सगळी फौज उठते. अख्खं प्रथिन तिच्या नाकासमोर धरलं तर ती ढुंकूनही बघत नाही. तिला तुकडाच हवा, आणि तोही चिमट्यात धरलेला.

हे तुकडे पडतात कसे, ते बघायचं माझं काम. त्याआधी एक अगदी साधी गोष्ट दाखवावी लागते. पहारेकरी पेशी एका रसायनात बुडवल्या की जागच्या जागी थिजतात. चिमटे अंगावर शाबूत, पण गिळणं बंद, कापणं बंद. अशा थिजलेल्या पेशींना अख्खं प्रथिन दिलं तर टी पेशींनी गप्प बसायला हवं, कारण तुकडे करणार कोण? टी पेशीने बोंब मारली की प्लेटमधला खळगा पिवळा होतो, नाही तर पाण्यासारखा राहतो. कॉलेजातली पोरंही हा प्रयोग करतात आणि त्यांचा खळगा पाण्यासारखा राहतो. माझा पिवळा होतो. चार महिने झाले मामा, पिवळा म्हणजे पिवळाच!

रसायन बदललं. बुडवायचा वेळ दुप्पट केला. नव्या टी पेशी मागवल्या, नव्या प्लेटा आणल्या, शेवटी बसायची खुर्चीसुद्धा बदलली. नाकी नऊ आले. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणतो की तुझ्या मेलेल्या पेशी आमच्या जिवंत पेशींपेक्षा कामसू आहेत. त्याला हसायला काय जातंय!

आणि आता खरी पंचाईत ऐक. आधी मला झापणाऱ्या मॅडम गेल्या महिन्यात प्लेटकडे बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या की ही कदाचित चूकच नाही. पेशी आत न घेता, वरच्या वरच प्रथिन कापत असेल. असा रस्ता अजून कोणी पाहिलेला नाही. मग त्यांनी ते एका मोठ्या सभेत सांगूनही टाकलं. माझी नेमणूक सप्टेंबरअखेर संपते आणि मुदतवाढीच्या अर्जात आता हाच शोध आहे. मी नाचायला हवं, नाही का? मला तर घास गिळवत नाही. माझ्याच हाताखालून निघालेली गोष्ट मला पटत नाहीये.

बाबा बरे आहेत. तुझं नाव काढलं की वर्तमानपत्र वर करतात. तू वजनमापांचा निरीक्षक म्हणून भर बाजारात त्यांच्या दुकानातलं वजन जप्त केलंस, तेव्हा मी दहा वर्षांची होते. त्याला बावीस वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तरी तुम्ही दोघं बोलाल असं वाटलं होतं, पण तू दारातूनच परत गेलास. तुम्हां दोघांपुढे मी हात टेकले.

लोभ आहे हे मला माहीत आहे, उत्तर कधी येईल ते मात्र माहीत नाही. तेवढं लवकर लिही.

तुझी,
ठिणगी


दि. १५ जून

चि. ठिणगीस,

अनेक आशीर्वाद, आणि सोबत एक तांब्या गार पाणी.

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोनदा चष्मा लावून आणि एकदा कंटाळून. तुझं अक्षर बघता डॉक्टर व्हायचीस ती चुकून शास्त्रज्ञ झालीस. तरी तो चिमटा मला कळला. टी पेशी म्हणजे आमच्या कचेरीतले साहेब. अख्खी फाइल पुढे ठेवली तर बघायचे नाहीत, नेमका कागद काढून बोटात धरला की लगेच आरडाओरडा.

माझं म्हणशील तर गुडघा माझं ऐकत नाही आणि वरच्या मजल्यावरचे लोक सकाळपासून भिंतीला भोकं पाडत बसतात. एवढी भोकं पाडून भिंत उरली कशी, हा मला पडलेला प्रश्न. निवृत्त माणसाने चिडू नये म्हणतात. ज्यांनी म्हटलं ते माझ्या घरात राहायला आलेले नाहीत.

आता तुझ्या पिवळ्या खळग्याचं. मी नोकरीत एकतीस वर्षं काढली ती दुसऱ्यांचे तराजू बघण्यात. तराजू चुकीचं दाखवायला लागला की दुकानदार काय करतो? पारडी घासतो, साखळी बदलतो, काट्याला तेल घालतो, तराजूची जागा बदलतो. वजनाकडे मात्र कोणी बघत नाही. वजनावर शिक्का असतो ना! शिक्का दिसला की माणूस डोळे मिटतो. तू रसायन बदललंस, पेशी बदलल्यास, प्लेटा बदलल्यास, खुर्ची बदललीस. तुझ्या पत्रात सगळं आहे, फक्त ते प्रथिन बदलल्याचं कुठे नाही. मला त्यातलं काडीचं कळत नाही, चूक असेल तर हस आणि सोडून दे. पण एकदा ते बघ. हे मला कसं सुचलं ते विचारू नकोस.

भावोजींचा खोकला कमी झाला का? त्यांच्याबद्दल लिहीत जा. वर्तमानपत्र वर करतात तेही लिहीत जा.

जेवत जा वेळेवर. प्रेम आहेच, ते काही शिक्का मारून द्यायला नको.

तुझा,
मामा


दि. १० जुलै

ती. मामास,

साष्टांग नमस्कार.

खरं सांगते, तुझं पत्र वाचून आधी रागच आला. म्हटलं, आता पेशींचं शास्त्र मला वजनकाट्यावरून शिकायचं! ते प्रथिन कंपनीकडून सीलबंद पुडीत आलंय, सोबत शुद्धतेचा दाखला आहे, मी कशाला बघू? आणि हे मनात येताच खुर्चीत चरकले. दाखला म्हणजे शिक्काच की.

मग निव्वळ तुला खोटं पाडायचं म्हणून तपासलं. आम्ही जेलीच्या पातळ वडीत प्रथिनाचा थेंब सोडतो आणि वीज लावतो. मोठे रेणू वरच अडकतात, छोटे खाली पळतात. अख्ख्या प्रथिनाची वर एकच ठसठशीत रेघ दिसायला हवी. पुडीतल्या कोरड्या भुकटीची तशीच दिसली. तीच भुकटी विरघळवून ठेवलेल्या माझ्या बाटलीतल्याची वर पुसटशी रेघ आणि खाली तुकडेच तुकडे. मी वडी उलटी धरलीय की काय म्हणून पुन्हा पाहिली. सुलटीच होती.

आमच्याकडे एक रीत आहे. प्रत्येकाच्या बाटल्यांना ज्याच्या त्याच्या रंगाची पट्टी. माझी जांभळी. दुसऱ्याच्या पट्टीला कोणी हात लावत नाही, उसनं मागत नाही आणि देतही नाही. म्हणजे काही बिघडलंच तर कोणाचं ते लगेच कळावं. मला आता कळलंय. जानेवारीची वही उघडली. काचेला चिकटलेल्या पेशी सोडवायला आम्ही प्रथिन कापणारं एक रसायन वापरतो. त्या दिवशी सकाळी त्याच रसायनाची नळी मी मीठपाण्याच्या बाटलीत विसळली होती. दुपारी प्रथिन विरघळवायला ताजं मीठपाणी करायचा मला कंटाळा आला. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलंय, तीच बाटली वापरली.

म्हणजे चार महिने मी त्या थिजलेल्या पेशींना अख्खं प्रथिन देतेय असं समजत होते आणि त्यांना आयते तुकडे मिळत होते. त्यांनी फक्त चिमट्यात धरले. टी पेशींनी बोंब मारली ती बरोबरच मारली. सगळ्या पेशी शहाण्या, वेडी मी एकटी. रीत एवढी कडक की कोणी आपली बाटली घेऊन माझा प्रयोग करून बघितला नाही. बघितला असता तर दुसऱ्याच दिवशी कळलं असतं.

आता लाज सोडून लिहिते. मॅडमचा लेख तीस तारखेला जाणार आहे. ती बाटली बेसिनमध्ये ओतली की विषय संपला. माझ्या पट्टीला कोणी हात लावत नाही ना! मुदतवाढ पदरात पडू दे, मग हिवाळ्यात म्हणेन की आता तसं दिसत नाही बुवा. असं होतं कधी कधी, कोणी फाशी देत नाही. बत्तीस वर्षांची झालेय मी. पुन्हा दारोदार अर्ज घेऊन फिरायचं माझ्यात बळ नाही. आणि मॅडमनी भर सभेत सांगितलंय. मी तोंड उघडलं तर त्यांचं तोंड काळं होणार.

तू छी म्हणशील. म्हण. पण त्यापुढेही काहीतरी लिही, कारण बाटली अजून फ्रीजमध्ये आहे आणि माझा हात रोज तिच्याकडे जातो.

माया कमी करू नकोस. सध्या ती कुठूनच येत नाहीये.

ठिणगी


दि. १६ जुलै

चि. ठिणगीस,

आशीर्वाद.

तुला छी म्हणायचा मला हक्क नाही. का नाही, ते आता लिहितो. बावीस वर्षं हे कोणाला सांगितलेलं नाही, त्यामुळे शब्द इकडे तिकडे झाले तर समजून घे.

निरीक्षकाकडे स्वतःची प्रमाण वजनं असतात. पितळेची, मखमली पेटीत ठेवलेली. त्यांच्याशी ताडूनच दुकानदाराचं वजन खरं की खोटं ते ठरतं. दर वर्षी ती वरच्या कचेरीत तपासणीला पाठवायची असतात. माझा त्या पेटीवर फार जीव. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचो नाही. त्या वर्षी दमट हवेने पाच किलोचं वजन काळवंडायला लागलं, ते मला बघवेना. म्हणून मी त्याला वार्निशचे दोन हात दिले. चकचकीत दिसायला लागलं. वजनाला वार्निश लावणारा निरीक्षक जगात मी एकटाच असेन.

त्याच आठवड्यात बाजारपेठेची फेरी होती. भावोजींचं पाच किलोचं वजन माझ्या वजनापुढे तीन ग्रॅम हलकं भरलं. मी आनंदलो नव्हतो, पण ताठ मात्र झालो. नातं बघणार नाही, कर्तव्य बघेन, असला काहीतरी वारा डोक्यात शिरला. रस्त्यावर माणसं गोळा झाली होती. त्यांच्यासमोर विचारलं की वजन तळातून घासलंय का. भावोजी नाही म्हणाले. मी जप्तीचा कागद लिहिला. आणखी दोन दुकानदार पकडले, त्यांनी गुपचूप नवी वजनं आणली आणि विसरून गेले. पण मेहुण्याने मेहुण्याला पकडलं ही गोष्ट बाजार विसरतो होय?

पुढच्या महिन्यात माझी पेटी तपासणीला गेली. वजन तीन ग्रॅम जड, कारण पृष्ठभागावर लेप, असा शेरा आला. शेरा दोनदा वाचला. भावोजींचं वजन खरं होतं. मी टर्पेंटाइनने वार्निश काढलं, पेटी पुन्हा पाठवली, ठीकचा शिक्का आला. आणि मी मूग गिळून बसलो. म्हटलं, थोडं थंड होऊ दे, मग सांगू. मग म्हटलं, बढती होऊन जाऊ दे. मग इतका उशीर झाला की उशीर का झाला तेच सांगता येईना. भावोजींच्या दुकानातली गिऱ्हाइकं पलीकडच्या दुकानात जायला लागली, ते मी बघत होतो. ताईने मला कधी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. ती गेली त्या दिवशी दारातून परत फिरलो तो भावोजींच्या रागाला भिऊन नव्हे. त्यांच्याकडे बघायचं कसं, हे मला कळेना.

तुझ्या बाटलीला सहा महिने झालेत. पुढचं तुझं तू बघ. मी शहाणपण शिकवायच्या लायकीचा नाही.

हे वाचून माया उरली तर कळव.

मामा


दि. २८ जुलै

ती. मामास,

नमस्कार लिहायला हात उचलत नव्हता. पण तू मोठा आहेस म्हणून लिहिते. नमस्कार.

तुझं पत्र दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. शाळेत एक मुलगी मला म्हणायची, तुझ्या वडिलांकडचा डबा नको, त्यात कमीच भरलेलं असेल. मी घरी येऊन आईला सांगायचे आणि आई माझी वेणी घट्ट ओढायची. मला वाटायचं, माझं काहीतरी चुकलं. मामा, तीन ग्रॅम! तीन ग्रॅम वार्निश! तुझ्यासमोर असते तर मी काय केलं असतं मला माहीत नाही.

तिसऱ्या दिवशी बाटली, वही आणि ती जेलीची वडी घेऊन मॅडमच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं, तीच बाटली हे शब्दसुद्धा दाखवले. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खिडकी बंद केली, चष्मा काढला, आणि विचारलं की हे दोन महिन्यांनी सापडू शकलं नसतं का. मी नाही म्हटलं. त्यांनी वही आणि वडी स्वतःजवळ ठेवून घेतली आणि मला जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी सगळ्यांना बोलावलं. तीन जणांनी, तीन रंगांच्या पट्ट्यांनी, ताजं प्रथिन ताज्या मीठपाण्यात विरघळवून माझा प्रयोग करायचा. केला. थिजलेल्या पेशींचे खळगे तिघांचेही पाण्यासारखे. जिवंत पेशींचे पिवळे. चार महिने ज्या पाण्यासारख्या खळग्यासाठी मी जिवाचं रान केलं तो अखेर दिसला, आणि मला त्याच्याकडे बघवेना. मॅडमनी लेख थांबवला. सभेला जमलेल्या सगळ्यांना दुरुस्तीचं पत्र त्या स्वतःच्या सहीने पाठवताहेत, त्यात माझं नाव घातलेलं नाही. यासाठी त्यांचे पाय धरावेत की त्यांच्यावर चिडावं, कळत नाही. मुदतवाढ मिळणार नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं. शेजारच्या टेबलावरचा हसत नाही आता. त्याने न विचारता आपल्या हिरव्या पट्टीची बाटली माझ्या टेबलावर आणून ठेवली.

मला मोकळं वगैरे काही वाटत नाहीये. डोकं दुखतंय आणि भविष्याची भीती वाटतेय. पण हात त्या फ्रीजकडे जायचा थांबला.

मी सांगितलं. आता तुझी पाळी. मी बाबांना काही सांगणार नाही, ते तुझं काम आहे. तू जाईपर्यंत मी तुला पत्र लिहिणार नाही, हे लक्षात ठेव. माया उरली का विचारलंस. उरलीय, म्हणूनच एवढी चिडलेय.

ठिणगी


दि. १ ऑगस्ट

चि. ठिणगीस,

कार्डावर मावेल एवढंच. मंगळवारी जातो. बंद दारामागे नाही, दुकान उघडं असताना जातो.

मामा


दि. ६ ऑगस्ट

चि. ठिणगीस,

अनेक आशीर्वाद. मी पत्र लिहिणारा माणूस नाही. पावतीपलीकडे काही लिहायची सवय नाही, तेव्हा जसं येईल तसं वाच.

तुझा मामा मंगळवारी दुकानात आला. काठी घेऊन आला, म्हातारा झालाय. माझ्याकडे चार गिऱ्हाइकं होती. मी त्याला बघून आतल्या पोत्यांकडे वळलो तर त्याने तिथूनच सांगायला सुरुवात केली. मोठ्याने, ऐकू येत नसलेला माणूस बोलतो तसं. वार्निशचं सांगितलं, शेऱ्याचं सांगितलं, माझं वजन खरं होतं हे दोनदा सांगितलं. पलीकडचा दुकानदार पायरीवर येऊन उभा राहिला. त्यालाही त्याने पहिल्यापासून ऐकवलं. पकडलं होतं रस्त्यावर, म्हणून कबूलही रस्त्यावर करतो असं म्हणाला.

गिऱ्हाइकांना पुड्या बांधून दिल्या, शेवटचं माणूस गेलं, मग शटर अर्धं ओढलं.

तुला एक माहीत नाही, ते आज लिहितो. तुझी आई जायच्या आदल्या आठवड्यात तिने मला जवळ बसवलं आणि विचारलं की आता तरी सांगा, ते वजन तुम्ही घासलं होतं का, मी काही म्हणणार नाही. मी नाही म्हणालो. ती बरं म्हणाली आणि तिने भिंतीकडे तोंड केलं. आमचा संसार तीस वर्षांचा. ती एवढ्या वर्षांत माझ्याशी भांडली, हसली, माझ्याबरोबर दुकानात उभी राहिली, पण तिला खात्री नव्हती. भाऊ सरकारी माणूस, तो खोटं कशाला बोलेल, असं तिला वाटत राहिलं. आणि मी तिला पटवू शकलो नाही.

हे मी तुझ्या मामाला सांगितलं. सांगायला नको होतं की काय, ठाऊक नाही. तो पोत्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. मला त्याची दया आली नाही. नंतर थोडी आली. माफ केलं असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि या घरात आता खोटं नको. त्याने माझ्याकडे माफी मागितलीही नाही. फक्त विचारलं की ताईला आता कसं सांगायचं. तेव्हापासून तो रोज सकाळी दुकानात येऊन बसतो. मी त्याला जा म्हणत नाही.

त्या बाटलीचं आणि तुझी नोकरी जाणार हे त्याच्याकडून कळलं. तू मला सांगितलं नाहीस, बाप चिडेल म्हणून असेल. चिडलेलो नाही. हे पत्र लिहायला घेतलं ते एवढ्यासाठीच. तुझ्या मॅडमना तू सहा महिन्यांत सांगितलंस पोरी, आणि ऐकणारं माणूस अजून जिवंत होतं.

प्रेम लिहून दाखवायचं मला जमत नाही, असतं एवढं धरून चाल.

बाबा